असोद्याची केळी कच्ची कशी ठरली

नवा लॅपटॉप उघडला त्या दिवशी मला कळलं की आमच्या घरातला तांबडा रंग संपला आहे. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात तो होता, ज्योत्स्नाच्या कुंकवात होता, टोपलीतल्या टमाट्यांत होता. फक्त लॅपटॉपमध्ये नव्हता. तिथे त्याच्या जागी भिजलेल्या विटेसारखं काहीतरी येऊन बसलं होतं. पिवळा आजारी होता. हिरव्याला कोणीतरी राखेत लोळवलं होतं. निळा मात्र ठणठणीत होता आणि भाडेकरूनं हळूहळू सगळं घर बळकावावं तसा तो बाकीच्या रंगांत शिरला होता.

दुसऱ्या कोणाला याचं काही वाटलंही नसतं. पण मी जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात घालवलेला माणूस. "वाणी सरांना रंगातलं कळतं" एवढीच माझी इस्टेट. आणि लॅपटॉप घेतला होता तोही रंगांसाठीच. 'तापीकाठ बालचित्र मंडळ' दरवर्षी जिल्ह्यातल्या मुलांची चित्रस्पर्धा भरवतं, त्याचा मी परीक्षक. यंदा मंडळाचा सचिव नीलेश, जो माझाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, यंदा सगळं ऑनलाइन. शाळा चित्रांचे फोटो टाकतील, तुम्ही घरबसल्या गुण द्यायचे. मोबाइलवर ते उघडत नाही, कॉम्प्युटर लागेल." घरबसल्या या शब्दावर माणसानं कधी विश्वास ठेवू नये. घरात बसलेल्या माणसाला जेवढं हिंडावं लागतं तेवढं फिरतीच्या नोकरीवाल्यालाही लागत नाही.

मी ज्योत्स्नाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय की."

"दिसतंय गं. पण कसं दिसतंय?"

"जरा पांढुरकं आहे. पण स्वच्छ आहे."

तेव्हा मला दुसरा शोध लागला. ती उभी होती म्हणून तिला पांढुरकं दिसत होतं. मी खुर्चीत होतो म्हणून मला राखाडी दिसत होतं. मी जरा घसरून बसलो तर चित्र काळवंडलं. ताठ बसलो तर फिकुटलं. डावीकडे झुकलो तर त्याला कावीळ झाली. खूप खटपटीनंतर अशी एक जागा सापडली की जिथून रंग थोडेफार माणसात येत होते. पण त्यासाठी खुर्चीवर उशी, उशीवर पाट, आणि पाटावर मी अर्धवट उठल्यासारखा. पाहुणे निघतात तेव्हा यजमान जसा ना बसलेला ना उठलेला असतो, तसा. त्या आसनात पाच मिनिटांच्या वर कोणी चित्रकलेचा विचार करू शकत नाही.

शेजारचे निंबा आबा आवाज ऐकून आलेच. ते एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट बिघडली की ती नियमात बसवून देणं हा त्यांचा स्वभाव आहे. त्यांनी लॅपटॉपला एक प्रदक्षिणा घातली.

"सर, नवा आहे ना? मग दोन महिने वापरा. रंग मुरतो."

"आबा, लोणचं नाही ते."

"नवी चप्पल चावत नाही का? नंतर बसते पायात. माझ्या जावयाच्या टीव्हीचं असंच होतं."

"मग मुरले का रंग?"

"नाही, टीव्ही विकला त्यानं. पण त्याला धीर नव्हता."

मला धीर होता, पण स्पर्धेची मुदत तोंडावर आली होती. म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून मी चंदनशेठच्या दुकानात गेलो, जिथून तो घेतला होता. चंदनशेठ मोठा गोड माणूस. वस्तू विकताना जेवढा गोड, परत आणली की त्याहून गोड. त्यानं चहा मागवला आणि लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. त्यात धबधबे होते, मिठाया होत्या आणि शेवटी एक पोपट होता.

"बघा सर, पोपट बघा! कसा जिवंत आहे!"

"चंदनशेठ, पोपट निळा दिसतोय."

"तो निळाच आहे सर. तिकडचा आहे, परदेशातला."

मी आयुष्यभर हिरवे पोपट शिकवले हा माझा दोष. मी म्हटलं, "बरं, माझ्या बाजूला येऊन बघा." तो माझ्या बाजूला आला. "आता माझ्याएवढे खाली व्हा." तो खाली झाला. दुकानात गिऱ्हाइकं होती. काउंटरपाशी आम्ही दोघं गुडघ्यात वाकून एका पोपटाकडे टक लावून बसलो आहोत, हे बघून एक बाई आल्या पावली परत गेल्या. चंदनशेठ लगेच सरळ झाला.

"सर, स्क्रीनचा विषय कंपनीचा. आपण फक्त विकतो. हेल्पलाइनला फोन लावा."

हेल्पलाइनवरची मुलगी मोठी नम्र होती. माझं म्हणणं तिनं ऐकलं, मला झालेल्या त्रासाबद्दल तिनं माझ्याहून जास्त दुःख व्यक्त केलं आणि सांगितलं की स्क्रीनचा फोटो काढून पाठवा. मी मोबाइलनं लॅपटॉपचा फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "आपल्या फोटोतील रंग नीट दिसत नाहीत. कृपया चांगल्या उजेडात पुन्हा फोटो काढावा."

मी ते उत्तर ज्योत्स्नाला वाचून दाखवलं. वाटलं, निदान ती तरी कपाळाला हात लावेल. ती म्हणाली, "मी एक सांगू? रागावू नका. एकदा डोळे दाखवून घ्या."

आता हे वाक्य साधं आहे. पण हिशेबाच्या मास्तराला "एकदा आकडे मोजून घ्या" म्हणावं, तसं ते मला लागलं. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "सर, मोतीबिंदूची सुरुवात आहे. उजव्या डोळ्यात. अजून पिकलेला नाही."

"त्यानं रंगात फरक पडतो?"

"पडतो थोडा. जग जरा पिवळसर दिसायला लागतं."

"अहो, पण माझी तक्रार पिवळं कमी दिसतं अशी आहे! म्हणजे लॅपटॉपचं कमी आणि डोळ्याचं जास्त, एकमेकांत वजा होऊन मला अगदी बरोबर दिसायला पाहिजे!"

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतो तेव्हा त्याचं ऐकणं संपलेलं असतं.

संध्याकाळपर्यंत मोतीबिंदू कॉलनीभर झाला. निंबा आबा मुद्दाम येऊन म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो, लॅपटॉप चांगला आहे!" ते असं कधीच म्हणाले नव्हते. चंदनशेठनं फोन करून तब्येतीची चौकशी केली आणि पोपटाला नमस्कार सांगितल्यासारखा आनंदी आवाज काढला. आणि खरी गंमत म्हणजे, मीही डगमगलो. इतकी माणसं एक बोलतात आणि मी एकटा एक बोलतो, तर चुकत कोण असेल? मी कॅलेंडरातल्या तांबड्याकडे संशयानं पाहू लागलो. मनाशी ठरवलं, यंत्राला मोतीबिंदू होत नाही. आणि निमूट पाटावर चढून गुण द्यायला बसलो.

सगळीच चित्रं अशक्त होती. मी जमेल तसं समजून घेतलं. पण एका चित्रापाशी राहवलं नाही. असोद्याच्या शाळेतल्या भाविका पाटील नावाच्या मुलीनं केळीची बाग काढली होती. घड कापून डोक्यावर घेतलेला माणूस, मागे पानांची दाटी. पण पानं वाळकी, आणि घड पांढुरका, मरगळलेला. मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: "केळी कच्ची. रंगज्ञानही कच्चे. निसर्गाचे निरीक्षण करावे." आणि मुलीला पहिल्या फेरीतूनच काढून टाकलं.

निकाल आणि शेरे शाळांना पोहोचले. त्यानंतर एका सकाळी दारात एक उंच, काटक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, हातात कागदाची गुंडाळी.

"वाणी मास्तर तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी शेवंताबाई. असोद्याहून आली. भाविकाची आजी." ती आत येऊन बसली. "माह्या नातीच्या केयी कच्च्या म्हनं. लगन होऊन आली तवापासून मी केयीतच राह्यते, मास्तर. मले दाखवा, कुठी कच्च्या आहेत. पोरगी दोन दिवस जेवली नही. रंगाची डबी उचलून माळ्यावर टाकून देली तिनं."

मी एकाही मुलाच्या हातून कधी रंगाची डबी सोडवली नव्हती. उलट, घरून मार खाणाऱ्या मुलांनाही मी लपवून रंग दिले होते.

तिनं गुंडाळी उलगडली आणि मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. काय चित्र होतं ते! पानांत उजेड शिरलेला. हिरवेच चार-पाच तऱ्हेचे. घड असा भरात आलेला, गच्च, तजेलदार की हात लावला तर चीक लागेल. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं ऊन रंगवलं होतं, बागेच्या आतलं, गाळून आलेलं ऊन.

मी लॅपटॉप उघडून तेच चित्र तिच्यापुढे धरलं. ती उठून उभी राहिली. तिनं पाहिलं आणि मागे सरली.

"हे माह्या नातीचं नही. याले तं करपा पडेल आहे."

"आता बसून पाहा."

ती बसली. "आता जरा बरं वाटते." मग ती पुन्हा उठली, पुन्हा बसली. म्हातारी तीनदा उठली-बसली आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उभं राह्यलं का रोग, बसलं का बाग बरा! मास्तर, हे यंत्र येडं आहे. तुमी काबरं याचं ऐकलं?"

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघराकडे ओरडलो, "ज्योत्स्ना! ऐकलंस?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या डोळ्यांच्या बाजूनं बोललं होतं, आणि ते माझ्याशी भांडायला आलेलं होतं.

मी तिथूनच नीलेशला फोन लावला. म्हटलं, माझा स्क्रीन खराब आहे, सगळी चित्रं पुन्हा बघायची आहेत. नीलेश अडखळला. "सर, निकाल लागलाय. यंत्र खराब होतं असं कंपनीनं लिहून दिलं तर समितीपुढे ठेवता येईल. नाहीतर लोक म्हणतील, सरांचे… म्हणजे… कानावर आलंय माझ्या." त्यानं डोळे हा शब्द टाळला. बक्षीस समारंभ रविवारी होता. कंपनीचं सर्व्हिस सेंटर धुळ्यात.

"चाला," शेवंताबाई म्हणाली. "मी येते. तुमी एकले गेले तं ते तुमालेच येडं ठरवतीन."

तर असे आम्ही धुळ्याच्या एसटीत बसलो. एरंडोल मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग शेवंताबाईला शंका आली की हलल्यानं यंत्र बरं झालं असेल. मी लॅपटॉप उघडला. पलीकडच्या सीटवरचा पागोटेवाला माणूस वाकून म्हणाला, "भाऊ, माले ते बठ्ठं कायंच दिखी राह्यनं." म्हणजे त्याला सगळं काळंच दिसत होतं.

मागे दांड्याला धरून उभा असलेला एक जण म्हणाला, "कायं कोठे शे? पांढरंफक शे बठ्ठं!"

"तुना डोया फुटनात का?"

"तुनाच फुटनात!"

पारोळ्यापर्यंत बसमध्ये दोन पक्ष पडले होते, उभ्यांचा आणि बसलेल्यांचा. कंडक्टर मध्ये पडला, पण तो उभा असल्यानं बसलेल्यांनी त्याला मानलं नाही. मी कोणाला काय समजावणार? सगळे खरं बोलत होते. शेवटी पागोटेवाल्यानं मला विचारलं, "पन भाऊ, असं यंत्र लीसन कोठे चालनात?" मी म्हटलं, "दुरुस्तीला." तो म्हणाला, "मंग बरं शे," आणि झोपला.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्वप्नील नावाचा तरुण होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं लॅपटॉप तारांना जोडला, एकामागून एक कोरे रंग पडद्यावर आणले, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "सर, अभिनंदन. काही दोष नाही."

"दोष नाही?"

"नाही. या मॉडेलचं पॅनलच असं असतं. सगळ्यांचं असंच येतं."

"म्हणजे सगळ्यांचंच खराब?"

"खराब नाही सर. सगळ्यांचं असंच असेल तर त्याला दोष म्हणत नाहीत, मानक म्हणतात."

शेवंताबाईनं चित्र उलगडून लॅपटॉपशेजारी धरलं. "भाऊ, हे पाह्य न् ते पाह्य. एक आहे का?"

स्वप्नीलनं पाहिलं. प्रामाणिक पोरगा होता, त्याचा चेहरा पडला. "नाही आजी."

"मंग लिहून दे तसं."

"तसं लिहायला चौकट नाही आजी. सिस्टिममध्ये दोनच आहेत. 'दोष आढळला' किंवा 'दोष आढळला नाही'." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, रंगांचं काम असेल तर बाहेरून दुसरा स्क्रीन जोडा. मी घरी तसंच करतो."

मी धुळ्याहून निघालो तेव्हा माझ्या खिशात, लॅपटॉप उत्तम असल्याचा शिक्कामोर्तब झालेला दाखला होता. जाताना माझ्या डोळ्यांवर नुसता संशय होता. येताना त्याला कंपनीची मान्यता मिळाली होती. उतरताना शेवंताबाई एवढंच म्हणाली, "पोरीले काय सांगू मी?"

तिच्या त्या प्रश्नानं मला घरापर्यंत सोडलं नाही. मी नीलेशला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, "फेरपरीक्षण व्हायला समितीला नेमकं चालतं तरी काय?"

"यंत्राचा दाखला नसेल तर… परीक्षकाची वैद्यकीय अडचण चालते सर. पण तुम्ही कशाला…"

मला रंग बरोबर दिसतात, हे मी दुकानात, फोनवर, बसमध्ये, दोन जिल्ह्यांत ओरडून सांगत फिरलो होतो. ते खरंही होतं. आणि आता एका पोरीची डबी माळ्यावरून खाली काढायची तर मला सही करून सांगायचं होतं की नाही, दिसत नाहीत. शेजारी ज्योत्स्ना उभी होती. तिनं डॉक्टरांचा कागद कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला.

"लिही," मी नीलेशला म्हटलं. "वाणी सरांना मोतीबिंदू झाला आहे. पण मुलांची मूळ चित्रं मागव. मी दिवसाउजेडी बघणार आणि माझ्या शेजारी आणखी दोन शिक्षक बसव, म्हणजे कोणाला शंका नको."

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्याभरातून आलेली चित्रं सतरंजीवर मांडली होती. काय सांगू! तांबडे, पिवळे, जांभळे, बिचारे सगळे परत आले होते. जामनेरच्या एका मुलानं बैलांचा बाजार काढला होता, एकीनं यात्रेतला पाळणा. मी गुडघ्यांवर रांगत एकेक चित्र बघत गेलो. माझ्याबरोबरचे दोन तरुण शिक्षक मी एखाद्या चित्राजवळ वाकलो की हळूच एकमेकांकडे बघायचे. बघोत. आम्ही तिघांनी वेगवेगळे गुण दिले आणि ते जवळजवळ सारखे आले, तेव्हा त्यांचं बघणं थांबलं.

रविवारी निकाल वाचला. भाविका पाटील, असोदा, तिसरा क्रमांक.

टाळ्या संपायच्या आत शेवंताबाई माझ्यापुढे उभी. "तिसरा? तुमच्यासंगं धुळ्यापर्यंत हिंडली मी. एसटीत लोकायचे भांडनं सोडवले. न् तिसरा?"

"आक्का, रंगात ती पहिलीच आहे. पण त्या माणसाचा हात बघा. घड धरलेला हात त्याच्या तोंडाहून मोठा झालाय."

"मेहनतीचा हात मोठाच राह्यते!"

तेवढ्यात तिच्यामागून दोन वेण्यांची एक बारीक मुलगी पुढे आली. हातात बक्षिसाची वही होती आणि बोटांना रंग लागलेला होता, ताजा. मी तो आधी पाहिला.

"आजी, सर बरोबर म्हणतात," भाविका म्हणाली. "हात मला येतच नाही. मी तीनदा खोडला." आणि मग माझ्याकडे वळून, "सर, हात कसा काढतात?"

आम्ही तिथेच हॉलच्या पायरीवर बसलो. मी पेन्सिल घेतली, शेवंताबाईला समोर उभं केलं, तिला हात वर धरायला सांगितला आणि काढू लागलो. आधी तळव्याचा चौकोन, मग अंगठा कुठून फुटतो ते, मग सांधे. भाविका श्वास रोखून बघत होती. म्हातारी मात्र अजून फुरंगटलेलीच होती. हात तसाच वर ठेवून ती वाकली, माझ्या कागदावर नजर रोखली आणि म्हणाली,

"मास्तर, बोटं नीट मोजून काढजा."

"पाच आहेत, आक्का."

"थांबा, बसून पाह्यते," ती म्हणाली, आणि पायरीवर टेकून कागदावरचं एकेक बोट मोजू लागली.